अनुमोदक

बीबी, किनगाव जट्टू, सुलतानपूर, दुसरबीड अशा गावांहून दिवसभराची कामं उरकून इथे येऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

 या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला आहे, आपल्या विचारासाठी ठाम उभं राहणं. विषय वक्त्याच्या फारच सोयीचा आहे. सॉक्रेटिसाच्या हातात विषाचा पेला द्यायचा, गॅलिलिओला धर्मपीठापुढे उभं करायचं, मधेच तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवून वर काढायच्या, की टाळ्या ठरलेल्या. वक्ता खूश, श्रोते खूश. घरी जाताना मात्र कुणाच्याच अंगाला काही लागलेलं नसतं. कारण आपल्यापैकी कुणालाही विषाचा पेला येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

या भागात असा विषय निघाला की माना आपोआप सिंदखेडराजाकडे वळतात. वळायलाच हव्यात. दर 12 जानेवारीला तिथे लोटणारी गर्दी तुमच्या याच रस्त्याने जाते. पण जिजाऊंबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच मला सांगाल. म्हणून आज मी तुम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी, बुलढाण्याला घेऊन जाणार आहे. साल 1882. तिथे एक बाई राहत होती, ताराबाई शिंदे. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी हे नाव ऐकलंय? हात वर करू नका, मला अंदाज आहे. जिल्हा आपला, बाई आपली, आणि तिचं पुस्तक आज जगभरच्या विद्यापीठांत वाचलं जातं. पुण्यामुंबईच्या अभ्यासकांनी सांगितल्यावर आपल्याला कळलं की हिचा जन्म आपल्याकडचा.

गोष्ट सुरू होते मात्र सुरतेत. 1881 साली तिथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिला दिवस गेले होते. अब्रूच्या भीतीने तिने जन्मलेलं मूल मारलं. कोर्टाने फाशी सुनावली, पुढे अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. शिक्षा झाली ती एकटीला. आता, विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती 1856 साली. म्हणजे कायदा होऊन पंचवीस वर्षं लोटली होती. कायदा कागदावर होता आणि बाई कोर्टात उभी होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून घर उघडलं होतं, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. वाट दाखवणारे होते, पण सुरतेच्या त्या बाईपर्यंत वाट पोचली नव्हती.

खटल्याची बातमी झाली, आणि बातमीचा उपदेश व्हायला वेळ लागला नाही. 'पुणे वैभव' नावाच्या सनातनी पत्राने त्यावर लिहिलं. एका बाईच्या गुन्ह्यावरून सगळ्या बायकांची वर्तणूक बिघडली, असा निकाल लावून टाकला. ही रीत तुम्हाला ओळखीची वाटते का? गावातली एखादी मुलगी पळून जाते आणि दुसऱ्या दिवसापासून दहा घरच्या मुलींचं कॉलेज बंद होतं. त्या दहाजणींनी काय केलेलं असतं?

आता बुलढाण्याकडे या. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सत्यशोधक विचाराचे गृहस्थ. त्या वेळी इथे मुलींची शाळा नव्हती, म्हणून त्यांनी घरीच लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. चार भावांत ही एकटी बहीण. नवरा घरजावई, त्यामुळे सासरचा काच नाही. हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. आपल्याला थोर माणसांची गोष्ट अशी ऐकायला आवडते की ते जन्मतःच वाघ होते. मग आपण वाघ नाही, म्हणून सुटलो! ताराबाईंच्या मागे शिकवणारा बाप होता, पुस्तकं होती, सत्यशोधक समाज होता, माहेरचं छप्पर होतं. हिमतीला खतपाणी लागतं, आणि ते घरातून मिळालं.

या बाईने एका विधवेचा खटला वाचला आणि लिहायला बसली. 'स्त्रीपुरुषतुलना' असं पुस्तकाचं नाव. ते छापलं पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्याने, 1882 साली. पाचशे प्रती, किंमत 9 आणे. बुलढाण्याला तेव्हा रेल्वे नव्हती. आजही नाही. खामगाव–जालना गाडीची वाट आपण सगळेच बघतोय, आपली नातवंडंही बघतील. तर बुलढाण्याच्या घाटावर लिहिलेला कागद खाली उतरला, पुण्याला पोचला आणि छापून आला. कव्हरवर बाईचं स्वतःचं नाव. टोपणनाव नाही, 'एक स्त्री' अशी सही नाही. नावासकट बोलणं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी सार्वजनिक तक्रारीखाली सही केली आहे त्यांनाच कळेल.

आता माझा पहिला मुद्दा. ही बाई उभी कुणासाठी राहिली? स्वतःसाठी? तिच्यावर कसलाच आरोप नव्हता. आपल्या जातीसाठी? विजयालक्ष्मी गुजराती ब्राह्मण, ताराबाई वऱ्हाडातल्या मराठा. भाषा वेगळी, जात वेगळी, मुलूख वेगळा. दोघींची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता. आणि जिच्यासाठी उभं राहायचं ती निर्दोष होती का? नव्हती. मूल मारलं होतं. निरपराध माणसाची बाजू घेणं त्या मानाने सोपं असतं, तिथे पुण्य मिळतं. ज्याने खरोखरच काही वाईट केलंय त्याच्याबद्दल बोलायला उठणं अवघड. लोक लगेच म्हणतात, म्हणजे तुला खून मान्य आहे का? ताराबाईंनी खुनाचं समर्थन केलं नाही. त्यांनी प्रश्न फिरवला. ज्या दोषांवरून बायकांना नावं ठेवता, ते दोष पुरुषांत नाहीत का? बायकोची चिता विझायच्या आत दुसरी बघायला निघणारा पुरुष नीतिमान कसा, आणि नवरा मेला म्हणून जिचं सगळं आयुष्य बंद केलं ती बाई चुकली तर एवढा गहजब का? विश्वासघात, कपट, व्यभिचार असा एकेक दोष घ्यायचा, बायकांच्या पारड्यात घातलेला उचलायचा आणि पुरुषांच्या पारड्यात टाकून वजन बघायचं, असं ते सगळं पुस्तक आहे.

आणि भाषा कशी? अहो, सोवळी नाही. आपल्याकडे भांडणात तोंडाला तोंड देणारी बाई जशी बोलते, तशी. ओट्यावर उभी राहून, पदर खोचून. टोमणा, शिवी नाही पण शिवीच्या शेजारचं काहीतरी, मधेच पुराणातला दाखला, मधेच हसू. आपण घरात बंदिस्त असलेल्या मराठ्याच्या बाई आहोत, लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न आहे, असं त्या आरंभीच सांगून टाकतात. आणि मग जी सुरुवात करतात ती थांबायचं नाव घेत नाहीत. देवांनाही सोडत नाहीत. शास्त्रं कुणी लिहिली, कुणाच्या सोयीने लिहिली, हे विचारतात.

इथे दुसरी गोष्ट येते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. विरोधकांना बोलणं एकवेळ जमतं. ताराबाईंनी आपल्याच बाजूच्या माणसांना सोडलं नाही. त्या काळी सुधारणेच्या सभा होत, भाषणं होत, ठराव होत, आणि ठराव करणारा घरी जाऊन जुन्या रीतीने वागे. त्या मंडळींना या पुस्तकात चांगले चिमटे आहेत. 'मंजुघोषा', 'मुक्तामाला' यांसारख्या तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्यांत बाई कशी रंगवली आहे, यावरही टीका आहे. विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही, ही रीत फक्त ब्राह्मणांत होती असं समजून आपण आज निवांत बसतो. घरंदाज म्हणवणाऱ्या मराठा कुळांतही ती होती, आणि ताराबाईंना ती आतून माहीत होती. परक्या जातीच्या बाईचा खटला हाती घेऊन त्या आपल्या घरातल्या रीतीलाही हात घालत होत्या. सांगा, आपल्यापैकी किती जण असं करतात? दुसऱ्या समाजातल्या अन्यायावर आपण तासभर बोलू. आपल्या भावकीतला निघाला की लगेच, जाऊ द्या, घरातली गोष्ट आहे.

मग पुढे काय झालं? टीका झाली, थट्टा झाली. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले. 1885 साली त्यांनी काढलेल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात या पुस्तकाची दखल आहे, ताराबाईंना ते लेकीसारखं मानत. आणि त्यानंतर? त्यानंतर शांतता. ताराबाईंच्या नावावर दुसरं पुस्तक नाही. पाचशे प्रती कुणाच्या माळ्यावर गेल्या, कुणाच्या बंबात गेल्या. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक शोधून पुन्हा छापलं, तेव्हा महाराष्ट्राला कळलं. त्र्याण्णव वर्षं. पुढे रोझालिंड ओ'हॅन्लन या इंग्रज अभ्यासक बाईंनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, 1994 साली. ज्या पुण्याच्या पत्राने बायकांना धडे दिले होते, त्याचं नाव आज निघतं ते याच पुस्तकाच्या निमित्ताने.

ही हकीगत मी जिथे जिथे सांगितली तिथे लोक म्हणतात, काय धाडसी बाई! मी म्हणतो, हो, धाडसी होती. पण तुम्ही तिच्याकडे बघताय तेव्हा एक जागा रिकामी दिसत नाही का? तिच्या शेजारची? फुले होते, मान्य. पण घराबाहेर, बुलढाण्यात कोण होतं? वऱ्हाडात कोण होतं? पुस्तक वाचून, आवडून, गप्प बसलेले लोक असणारच. पाचशे प्रती छापल्या म्हणजे काही हातांत त्या पडल्या असणार. त्यातल्या एकाने 'पुणे वैभव'ला एक पत्र टाकलं असतं तर? दोघांनी टाकलं असतं तर?

आणि हेच आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे. पहिल्याचे आपण पुतळे उभारतो. माझ्या लेखी कसोटी दुसऱ्याची असते. पहिला उठतो तेव्हा ते धाडस असतं, किंवा वेडेपणा, लोक ठरवतील ते. दुसरा उठला की ती बाजू होते. विजयालक्ष्मीच्या वाट्याला ताराबाई आल्या, ताराबाईंच्या वाट्याला जोतीराव. त्यापुढे साखळी तुटली, आणि तुटलेली कडी जोडायला त्र्याण्णव वर्षं लागली.

कोकणातलं उदाहरण घ्या. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं. पुण्यात लग्न झालं, आणि त्यांच्या गावी, मुरूडला, गावकऱ्यांनी घरावर बहिष्कार घातला. म्हणजे भूमिका मुलाची आणि दंड भरला गावातल्या आई-भावाने. आगरकरांची तर विरोधकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण आगरकरांच्या हातात 'सुधारक' हे पत्र होतं, कर्व्यांना पुण्यात चार माणसं होती. ताराबाईंना घराबाहेर, बुलढाण्यात काय होतं?

वाळीत टाकणं हे हत्यार फार जुनं आहे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध 2016 साली कायदा केला, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. जात पंचायतींच्या जाचातून आलेला कायदा. पण कायद्याच्या कलमात न बसणारं वाळीत टाकणं तुम्हाला माहीत आहेच. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही, किराण्याला नाही म्हणत नाही. फक्त लग्नाची पत्रिका येत नाही. ट्रॅक्टर मागितला की डिझेल नसतं. पेरणीच्या दिवसांत तुमचीच पाळी शेवटी लागते.

आणि मग ते चपलांजवळचे समर्थक. हे मी फार गावांत पाहिलंय, तुम्हीही पाहिलं असेल. ग्रामसभेत एखादा उठतो. समजा म्हणतो, की नळयोजनेचा हिशोब दाखवा. सगळे खाली बघतात, कुणी बिडी शिलगावतो, कुणाला अचानक फोन येतो. सभा संपते. बाहेर चपला शोधताना एकजण हळूच जवळ येतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "दादा, बरोबर बोललात बरं का. आपला पाठिंबाय." दुसरा येतो, तेच म्हणतो. घरी पोचेपर्यंत पाच जणांचा पाठिंबा मिळालेला असतो. सगळा अंधारातला! हे लोक वाईट नसतात. खरं सांगायचं तर त्यातले काही फार चांगले असतात. त्यांच्या पोराची बदली अडलेली असते, पीक कर्ज सोसायटीत अडकलेलं असतं, मुलीचं लग्न ठरत असतं. मी त्यांना हसत नाही. पण तो आवाज आत, त्याच वेळी, दोन वाक्यांत आला असता तर हिशोब दाखवावा लागला असता.

आता मी आपल्या घराकडे येतो. विधवेचा विषय 1881 चा म्हणून सुरतेत सोडून देता येत नाही. आपला जिल्हा कापूस-सोयाबीनचा आहे. 2006 साली पंतप्रधान विदर्भात येऊन शेतकरी आत्महत्यांसाठी पॅकेज जाहीर करून गेले, त्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. त्यानंतरच्या वर्षांत तहसील कचेरीत ज्या बायकांच्या फायली फिरल्या, त्या तुमच्या-माझ्या नात्यातल्या आहेत. प्रकरण पात्र की अपात्र, यावर एक लाखाची मदत. त्यातले तीस हजार हातात, बाकी बँकेत ठेव. सातबाऱ्यावर नाव लागायला सासऱ्याची सही. हे सगळं ती बाई करते. तलाठ्याकडे जाते, बँकेत जाते, मजूर लावते, फवारणी करून घेते. आणि संक्रांतीला हळदीकुंकू असतं तेव्हा ती कुठे असते? आतल्या खोलीत. तिळगुळाची ताटं भरते, वाण मोजून ठेवते, चहा गाळते. ती ताटं बाहेर नेते दुसरी. बाहेर हसण्याचा आवाज असतो, आत ही भांडी विसळत असते. कुणी तिला बाहेर येऊ नको असं म्हणालेलं नसतं. म्हणायची गरजच पडत नाही.

आणि त्याआधी, दहाव्याला? बांगड्या कोण फोडतं, कुंकू कोण पुसतं? बायकाच. आणि त्यातही विधवा बायका, ज्यांच्या बांगड्या अशाच कुणी फोडल्या होत्या. जमलेल्या दहा-पंधराजणींत तीन-चार तरी अशा असतात की ज्यांना मनातून हे नको असतं. प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच. एकीने तोंडातून शब्द काढला, की राहू द्या, नका फोडू, तर काय होईल? तिच्यावर सगळ्या तुटून पडतील. पण त्याच क्षणी दुसरी म्हणाली, हो, राहू द्या, तर? हात थांबेल की नाही?

हे मी कल्पनेने सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. 4 मे 2022 रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की आमच्या गावात विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे होणार नाही. ही कल्पना करमाळ्याच्या एका कार्यकर्त्याची. त्याने आधी स्वतःपुरतं स्टँपपेपरवर लिहून दिलं होतं, की माझ्या मागे माझ्या बायकोवर ही सक्ती करू नये. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं, पण स्टँपपेपर एकट्याचा होता. हेरवाडला त्याचा ठराव झाला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढलं, की बाकीच्या गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा.

ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक तुम्ही पाहिलं असेल. ठरावाच्या खाली दोन नावं लिहावी लागतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. हेरवाडच्या ठरावाखाली सूचक बाई आहे आणि अनुमोदकही बाईच आहे. नावं वर्तमानपत्रांत आली तेव्हा सगळ्यांचं लक्ष गावाच्या नावाकडे गेलं, सरपंचांकडे गेलं. ते बरोबरच आहे. मी मात्र ती दुसरी ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. पहिली उठली म्हणून दुसरीला उठता आलं, की दुसरी उठेल हे माहीत होतं म्हणून पहिली उठली?

ठरावाने सगळं होत नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पाहुणे फार भाबडे निघाले. 1856 च्या कायद्याची गोष्ट मी तुम्हाला मघाशीच सांगितली. ठराव करून विसरलेली गावं पुष्कळ आहेत. दहाव्याच्या दिवशी पोलीस येणार नाही, सरपंच येणार नाही. तिथे असणार मोठी जाऊ, चुलत सासू, शेजारची मावशी. पण प्रोसिडिंग बुकात ठराव असला तर त्या मावशीच्या हातात काहीतरी असतं. "मी नाही म्हणत, गावाने ठरवलंय" असं तिला म्हणता येतं. गावाच्या आडून बोलता येणं ही छोटी सोय नाही. ताराबाईंना ती सोय नव्हती.

आता व्यवहाराचं बोलू आणि थांबू. कायद्याप्रमाणे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती बऱ्याच ठिकाणी रजिस्टरातच होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. ती यंदा खरोखर घ्या. हेरवाडसारख्या ठरावाचा विषय तिथे मांडा, म्हणजे ग्रामसभेत तो परका वाटणार नाही. ग्रामसभेची गणसंख्या किती लागते? मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल ते. बीबीसारख्या गावाला शंभर पुरतात. मी मघापासून समोरच्या रांगा मोजतोय. गणसंख्या इथे बसलेली आहे, आणि वर पन्नास-साठ माणसं शिल्लक आहेत.

सूचक कोण होईल ते मला माहीत नाही, आणि मला त्याची फारशी काळजीही नाही. एवढ्या माणसांत एखादी धीट बाई किंवा एखादा बाप्या निघेलच. अनुमोदक कोण होणार, ते आजच ठरवून ठेवा. व्याख्यान संपल्यावर चपलांजवळ मला भेटायला येणारे असतील, त्यांनी माझ्याकडे येऊ नये, एकमेकांकडे जावं. आणि प्रश्न असतील तर ते मात्र आत्ता, इथेच, माईकवर विचारा.